धरणानं उठवलेल्या माणसांचा हिशोब मांडणाऱ्या इरावतीबाई कर्वे

जून उलटला की सातारा जिल्ह्यात सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर एक आकडा बघितला जातो. कोयनेत पाणी किती आलं? किती टीएमसी झालं? दरवाजे कधी उचलणार? धरण १०५ टीएमसीचं आहे, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण हे पाणी जिथं साठतं तिथं आधी गावं होती. शेतं होती, देवळं होती, जळणाला रान होतं. तिथली माणसं उठून कुठं गेली आणि त्यांचं पुढं काय झालं, याचा हिशोब फार थोड्यांनी मांडला. त्यात अगदी सुरुवातीचं नाव येतं ते इरावतीबाई कर्वे यांचं.

वाचणाऱ्या लोकांना इरावतीबाई माहीत आहेत त्या 'युगान्त'मुळं. महाभारतातल्या माणसांवरच्या या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण लेखन ही त्यांच्या आयुष्याची एक बाजू झाली. त्यांची नोकरी, त्यांचा रोजचा धंदा म्हणावा तो वेगळाच होता. गावोगाव फिरायचं, माणसांना प्रश्न विचारायचे, वही भरायची आणि त्यातून समाज कसा चालतो ते शोधायचं. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं.

नाव पडलं नदीवरून

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा. गाव म्यिंज्यान, देश ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. गावाजवळून इरावती नावाची मोठी नदी वाहते. तेच नाव मुलीला ठेवलं.

सात वर्षांची झाल्यावर मुलीला शिकायला पुण्याला पाठवलं. हुजूरपागा शाळेत, वसतिगृहात. त्या काळी एवढ्या लहान मुलीला शिक्षणासाठी समुद्रापलीकडून पाठवणारे आईबाप फारसे नव्हते. शाळेत तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली. शकुंतलेचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. परांजप्यांनी या मुलीला घरी आणलं आणि पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्या घरात पुस्तकं होती, चर्चा होत्या, आणि कुठलीही गोष्ट पटली नाही तर तसं सांगायची मोकळीक होती. पुढं आयुष्यभर इरावतीबाईंच्या बोलण्यात आणि लिहिण्यात जी निर्भीडता दिसली, तिचं मूळ या घरात आहे.

फर्ग्युसनमधून त्या १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मग मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडं समाजशास्त्र शिकल्या. १९२८ साली एम. ए. झाल्या. त्यासाठी त्यांनी अभ्यास केला तो स्वतःच्याच जातीचा, चित्पावन ब्राह्मणांचा.

लग्न झालं ते दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे, आणि ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. जर्मनीला जाऊन पुढचं शिक्षण घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा विरोध घरातूनच झाला. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींनाच सुनेनं परदेशी जाणं पसंत पडलं नाही. दिनकरराव मात्र ठाम राहिले. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि इरावतीबाई बोटीनं जर्मनीला गेल्या.

बर्लिनमधल्या कवट्या

बर्लिनमध्ये त्या मानववंशशास्त्राच्या एका मोठ्या संस्थेत दाखल झाल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. माणसांचे वंश वेगळे, त्यांची अक्कल वेगळी, गोरा माणूस वरचा आणि बाकीचे खालचे, अशी या माणसाची पक्की समजूत होती. कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते. गोऱ्या युरोपियन माणसात हा फरक जास्त असतो आणि त्यावरून त्याची बुद्धी वरचढ ठरते, असं काहीतरी सिद्ध व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंना विषय मिळाला तो हाच.

त्यांनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. आकडे मांडले. आणि आकड्यांतून निघालं ते असं, की कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी काही संबंध लागत नाही. परदेशातून आलेली, कर्ज काढून शिकणारी एक तरुण मुलगी. गुरूला हवं ते उत्तर लिहून दिलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं आकडे जे सांगत होते तेच लिहिलं. १९३० साली डॉक्टरेट घेऊन ती परत आली. पुढच्या काही वर्षांत हिटलरचं राज्य आलं आणि तीच संस्था नाझींच्या वंशद्वेषाला शास्त्राचा मुलामा देत बसली.

एक गोष्ट खरी, की माणसांची शरीरं मोजायची ही पद्धत इरावतीबाईंनी पुढंही बरीच वर्षं वापरली. आजचे अभ्यासक ती पद्धत जुनाट मानतात आणि त्यावर टीकाही करतात. पण मोजमापातून आधीच ठरवलेलं उत्तर काढायचं नाही, हा धडा त्यांनी बर्लिनमध्येच गिरवला होता. पुढं कोयनेच्या कामातही तो उपयोगी पडला.

मोजपट्टी, वही आणि एसटी

पुण्याला आल्यावर १९३१ ते १९३६ त्या महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. कागदोपत्री कारभारात जीव रमला नाही. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि इरावतीबाई तिथं रुजू झाल्या. शेवटपर्यंत तिथंच राहिल्या.

तिथून पुढं त्यांची खरी भटकंती सुरू झाली. कधी रेल्वे, कधी एसटी, कधी बैलगाडी, नाहीतर पायी. खानदेशातले भिल्ल, ओरिसातली माणसं, कर्नाटकातली माणसं, महाराष्ट्रातल्या नाना जाती. मोजायचं सामान आणि वह्या घेऊन त्या हिंडायच्या. १९४४ साली गुजरातेत लांघणज इथं डॉ. सांकलियांबरोबर उत्खननात गेल्या, तिथं अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे सापडले. पुण्यात असल्या की स्कूटरवरून फिरायच्या. बाई स्कूटर चालवते हे बघायला त्या काळी लोक रस्त्यात थांबायचे.

या भटकंतीतून त्यांनी काय शोधलं? दोन गोष्टी गावातल्या माणसाला लगेच पटतील अशा आहेत.

पहिली गोष्ट जातीची. नाव एक असलं म्हणजे माणसं एक असतात असं नाही. कुंभार म्हटलं की सगळे एकच, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या चाकावर मडकी घडवणारे कुंभार वेगळे, लहान चाकावर घडवणारे वेगळे, आणि त्यांच्यात सोयरीक होत नव्हती. म्हणजे एका मोठ्या समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या असं नव्हे, तर वेगवेगळी माणसं शेजारी शेजारी येऊन, गोधडीच्या तुकड्यांसारखी एकत्र शिवली गेली, असं इरावतीबाईंचं म्हणणं होतं. त्यांचे गुरू घुर्ये यांचं मत उलट होतं. तरी शिष्येनं आपलं मत सोडलं नाही.

दुसरी गोष्ट नात्यागोत्याची. १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक निघालं. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरी देतात. दक्षिणेत मामाला, मामेभावाला, आत्तेभावाला म्हणजे ओळखीच्या घरात देतात. महाराष्ट्र मधोमध. इथं मामाची मुलगी करायला चालते, पण आत्याची मुलगी करायला बहुतेक घरांत कां-कू होते. हे आपल्याकडच्या आजीला तोंडपाठ असतं. पण अख्ख्या देशाचा असा नकाशा आधी कुणी मांडला नव्हता. आजही जगभरात भारतातल्या नात्यांचा अभ्यास करणाऱ्याला या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते.

दिंडीतली वाटचाल

इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या. आळंदीहून निघणारी माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते, ही वाट इथल्या लोकांना सांगायला नको. त्या दिंडीत राहिल्या, अभंग म्हटले, बायकांबरोबर जेवल्या, झोपल्या. त्यावर 'वाटचाल' नावाचा लेख मराठीत लिहिला.

त्यात भक्ती आहे तशी बोचणीही आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका, पण चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. देवाच्या वाटेवरसुद्धा ही भिंत का, हा प्रश्न त्यांना सोडेना. तरीही जिथली माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी एक साधी व्याख्या त्यांना या वाटेवर सापडली.

हा लेख १९६२ साली इंग्रजीत भाषांतर होऊन अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या मान्यवर संशोधन नियतकालिकात छापून आला. आशियाचा अभ्यास करणारे जगभरचे प्राध्यापक ते वाचतात. मुळात मराठी माणसानं मराठी माणसासाठी लिहिलेला लेख तिथं पोचला. साधारण उलटंच होतं. माहिती गावातून गोळा होते, पुस्तक इंग्रजीत निघतं, आणि गावाला त्याचा पत्ता नसतो.

कोयनेचं पाणी चढलं

१९५० च्या दशकात पाटण तालुक्यात कोयना धरणाचं काम सुरू झालं. महाराष्ट्राला वीज हवी होती, कारखाने चालवायचे होते. धरणाचा फायदा झाला हे कुणी नाकारत नाही. पण पाणी चढायला लागलं तसं पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातली शंभराच्या आसपास गावं उठली.

त्या वेळी जमीन घ्यायला कायदा होता तो इंग्रजांच्या काळातला, १८९४ चा. त्यात जमिनीचे पैसे द्यायची तरतूद होती. जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायचं, नवं गाव वसवायचं कायदेशीर बंधन नव्हतं. डोंगरउतारावर भात, नाचणी, वरी पिकवणारी ही माणसं. घरातला एखादा गडी मुंबईला, त्याच्या मनीऑर्डरवर वरखर्च. त्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी पैसा पडला, आणि पायाखालची जमीन गेली.

माणसं विखुरली. कुणी सातारा जिल्ह्यातच खाली, कुणी सांगली, सोलापूरला, कुणी घाट उतरून रत्नागिरी, कुलाबा, ठाण्याकडं. मुसळधार पावसात वाढलेला माणूस सोलापूरच्या माळावर गेला. तिथं शेती वेगळी, पीक वेगळं, पाण्याची तऱ्हा वेगळी. काही जण गेलेच नाहीत. पाणी वर आलं तसे ते डोंगरावर वर सरकले आणि तिथंच राहिले. पुढं १९८५ साली त्या भागात अभयारण्य झालं, तेव्हा त्यांच्यामागं आणखी एक भानगड लागली.

इरावतीबाई आणि त्यांची मुलगी जाई निंबकर यांनी या विस्थापितांची पाहणी केली. जाई निंबकर या स्वतः लेखिका, सासर फलटणचं. फलटण इरावतीबाईंना नवं नव्हतं. या वाढत्या गावावर आणि आसपासच्या भागावर त्यांचा एक अभ्यास १९६५ सालीच निघाला होता. कोयनेची पाहणी १९६९ साली डेक्कन कॉलेजनं पुस्तक म्हणून छापली. धरणामुळं उठलेल्या लोकांवर भारतात झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

या पाहणीतून जे पुढं आलं ते आज वाचलं तरी जुनं वाटत नाही. धरणाचा आराखडा, सिमेंट, वीज या सगळ्यांचा विचार आधी झाला, माणसांचा नंतर. कधी उठायचं, कुठं जायचं, काय मिळणार, याची पुरती कल्पना लोकांना नव्हती. एक गाव एका जागी वसलं नाही, त्याचे तुकडे पडले. रोख पैसा खर्चून गेला. नव्या ठिकाणी आधीपासून राहणाऱ्यांना हे पाहुणे नको होते.

नात्यागोत्याचा अभ्यास केलेल्या बाईला यातली मेख कळत होती. सरकारी रकान्यात जमीन, घर, झाड, विहीर यांची किंमत लिहिता येते. पण गाव म्हणजे तेवढंच नसतं. कुणाची मुलगी कुणाला द्यायची, अडीअडचणीला कुणाच्या बांधावर जायचं, ग्रामदेवाच्या यात्रेला मान कुणाचा, बाळंतिणीला माहेर किती अंतरावर, मेलेल्या माणसाला खांदा कोण देणार, हे सगळं मिळून गाव होतं. गाव विखुरलं की हे जाळं तुटतं. त्याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

आठवडी बाजारावरही त्यांनी हेमलता आचार्य यांच्याबरोबर अभ्यास केला, तो १९७० साली निघाला. बाजाराला माणूस मीठ-मिरची घ्यायला जातो तसा पाव्हण्यांची गाठ घ्यायला, सोयरिकीचा विषय काढायलाही जातो. धरण आलं की रस्ते बदलतात, बाजार बदलतात, आणि या गाठीभेटीही बंद पडतात.

भूकंप झाला, शास्त्रज्ञ आले

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेच्या वर माणसं गेली. धरणातल्या पाण्यामुळं भूकंप होतात का, हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या शास्त्रज्ञांना पडला आणि कोयनेचं नाव साऱ्या जगात पोचलं. आज कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. ते व्हायलाच हवं होतं. पण जमिनीखाली काय हललं याचा जेवढा अभ्यास झाला, तेवढा जमिनीवरची माणसं हलली त्याचा झाला नाही. इरावतीबाईंचं पुस्तक म्हणूनच मोलाचं.

छापलं, पण पोचलं कुणाकडं?

या कामात एक उणीव राहिली आणि ती एकट्या इरावतीबाईंची नाही. कोयनेची पाहणी इंग्रजीत छापली गेली. ज्यांच्याबद्दल ती होती, त्यांच्यातल्या फार थोड्यांना इंग्रजी वाचता येत होतं. मराठीसुद्धा कैकांना येत नव्हतं. संशोधन इंग्रजीत लिहिलं तर ते दिल्लीला जातं, लंडनला जातं, इतर अभ्यासक त्याचा दाखला देतात. मराठीत लिहिलं तर गावाला कळतं, पण विद्वानांच्या जगात कुणी मोजत नाही. आशियातल्या कितीतरी देशांत संशोधकांपुढं आजही हाच पेच आहे.

इरावतीबाईंनी यातून आपल्यापुरती वाट काढली. संशोधन इंग्रजीत, आणि माणसांबद्दल जे उमगलं ते साध्या मराठीत. 'परिपूर्ती', 'भोवरा', 'गंगाजल' ही त्यांच्या लेखांची पुस्तकं वाचायला शब्दकोश लागत नाही. घर, सासर, प्रवास, वारी, नदी, म्हातारपण असे विषय, आणि भाषा ओसरीवर बसून बोलल्यासारखी. त्यांच्या इंग्रजी ग्रंथांची नावं गावात कुणाला ठाऊक नसतील, पण शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा वाचलेली माणसं सापडतील. कोयनेच्या अहवालाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलं नाही.

मागं काय उरलं

११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई रात्री झोपेतच गेल्या. वय ६४. कोयनेचं पुस्तक निघून जेमतेम वर्ष झालं होतं.

१९७६ साली महाराष्ट्रानं धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यामागं धरणग्रस्तांनी उभारलेली आंदोलनं होती. एका पुस्तकानं कायदा झाला असं म्हणणं बरोबर नाही. पण धरणग्रस्त जे सांगत होते ते वहीत लिहून, मोजून आधीच छापलेलं होतं. २०१३ च्या केंद्राच्या भूसंपादन कायद्यात तर जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायची आणि लोकांचं म्हणणं ऐकायची तरतूद आली. त्यातही सूट-सवलती ठेवल्या आहेत, तो भाग वेगळा. तरी माणसांना विचारायचं ते पाणी चढायच्या आधी, नंतर नव्हे, एवढं कागदावर तरी आलं. कोयनेला हे उलट झालं होतं. आधी गावं उठली आणि विचारणारे मागाहून आले.

कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी आज मोठी झाली आहे. जमीन, सातबारा, दाखले यासाठी त्यांच्या फेऱ्या अजून संपलेल्या नाहीत. गावात कुणी ना कुणी सर्व्हे करायला येतंच असतं. धरणाचा, रस्त्याचा, पवनचक्कीचा, पिकाचा. फॉर्म भरले जातात, अंगठे-सह्या होतात, फोटो निघतात. हे कशासाठी, छापून कुठं येणार, मराठीत मिळणार का आणि ग्रामपंचायतीत एक प्रत ठेवणार का, हे विचारायचा गावाला पूर्ण हक्क आहे. इरावतीबाईंचा सारा जन्म लोकांना प्रश्न विचारण्यात गेला. आता असे प्रश्न गावानंही विचारायला हरकत नाही.